गाडीचा टेप फ्यूज खातोय, आतापर्यंत नऊ झाले

तासगावरोड | ८ जुलै, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता डोकं चालेना म्हणून धागा काढला.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, दोन वर्षांपूर्वी सेकंडहॅन्ड घेतलेली. कंपनी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात गोष्ट मायलेजवर जाते आणि पाचव्यात कुणीतरी 'त्यापेक्षा अमुक घ्यायची होती' म्हणतं. नोकरी बेदाण्याच्या अडतीत, त्यामुळे सांगली-तासगाव रोजचं आणि डिकीत कायम नमुन्यांचे बॉक्स. टेप मागच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला. चार स्पीकर, एफएम, यूएसबी आणि मीडियम वेव्ह. यातली मीडियम वेव्ह महत्त्वाची. वडील शेजारच्या सीटवर असले की सांगली आकाशवाणी, १२५१ किलोहर्ट्झ, दुसरं काही चालत नाही. मोबाइलच्या अॅपवर तेच केंद्र लावून दिलं तर म्हणाले, "याला खरखर नाही, हे खरं नव्हे."

तर दुखणं असं. दीड महिन्यात नऊ फ्यूज गेले. पंधरा अँपिअरचा निळा, स्टिअरिंगखालच्या बॉक्समधला. कधी नवा घातल्याबरोबर जातो, कधी चार दिवस गुण्यागोविंदाने चालतो. बातम्या चालू असताना गेलाय, टेप बंद असताना गेलाय. परवा तर कहर झाला. रात्री घरी पोहोचेपर्यंत टेप चालू होता. गाडी लावली, बॉक्स उतरवले, कुलूप घातलं. सकाळी बघतो तर टेप मेलेला. उभ्या गाडीत फ्यूज कोणी उडवला?

एका दुकानात दाखवली. त्याने तीसचा हिरवा घातला. "आता जायचा नाही." खरंच नाही गेला. तिसऱ्या दिवशी माधवनगरच्या पुढे गाडीत प्लास्टिक करपल्याचा वास आला. गाडी बाजूला घेतली आणि तो हिरवा उपटून टाकला. दुसऱ्या दुकानात म्हणाले सेट आतून गेलाय, नवा घ्या, साडेपाच हजार. नवा घ्यायला हरकत नाही हो, पण त्याने दाखवलेल्या एकाही सेटात मीडियम वेव्ह नाही. काय करू?

पाटणचा_पाऊस | ८ जुलै, रात्री १०:२२

फ्यूज उडतोय म्हणजे गाडीतली एक वस्तू तरी आपलं काम चोख करतेय. (हलकेच घ्या.)

उसाचा_ट्रॅक्टर | ८ जुलै, रात्री १०:४०

आमच्या ट्रॅक्टरला बॅटरीवरनं डायरेक दोन वायरी. फ्यूज न्हाई काय न्हाई. आठ सीझन झालं डेक वाजतोय. आम्ही फाट्यावर आलो की कारखान्यावर कळतंय.

ओहम्स | ८ जुलै, रात्री ११:०३

@उसाचा_ट्रॅक्टर, तुमच्याकडेही फ्यूज आहे, तुम्ही त्याला वायर म्हणता एवढंच. ज्या दिवशी ती वायर पत्र्याला लागेल त्या दिवशी तिच्यातून शंभर-दीडशे अँपिअर जातील आणि मग डेक सोडून बाकी सगळं वाजेल. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर एक फ्यूजहोल्डर टाका, शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.

@तासगावरोड, तीसचा काढलात हे फार चांगलं केलंत. फ्यूज टेपला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. पंधराच्या हिशेबाने टाकलेल्या वायरीवर तीसचा लावला की मग फ्यूज टिकतो आणि वायर फ्यूज होते. तो वास कुठून आला होता, डॅशबोर्डमधून की आणखी कुठून? आठवून ठेवा, पुढे कामाला येईल.

आता माझा एकच प्रश्न. सेट बाहेर काढून त्याच्या पाठीकडे बघितलंय का कुणी? बहुतेक सेटना पाठीवर स्वतःचा फ्यूज असतो, दहाचा लाल किंवा पंधराचा निळा. तो कसा आहे?

वायरिंगवाला_मिरज | ९ जुलै, सकाळी ६:५०

फ्यूज कधी जातोय ते नीट सांगा, अर्धं काम तितंच होतंय. किल्ली नसताना, नुसता घातल्याबरोबर गेला तर पिवळी वायर बघायची. ती कायम बॅटरीवर असती, घड्याळ आन् स्टेशनं लक्षात ठेवायला. किल्ली एक टप्पा फिरवल्यावर गेला तर लाल. लायटी लावल्यावर गेला तर नारंगी, रात्री सेटचा डिस्प्ले मंद करायची. रिव्हर्स टाकल्यावर गेला तर कॅमेऱ्याची. आवाज वाढवल्यावर गेला तर स्पीकर नाहीतर अँप्लिफायर. आन् ह्यातलं काहीच नसून खड्ड्यात, वळणावर, मनाला येईल तवा जात असंल तर कुठली तरी वायर पत्र्याला घासतीया. मला तुमचं शेवटचं वाटतंय. मागच्या ट्रेवर स्पीकर हाईत का? त्यांच्या वायरी डिकीत बॉक्सांनी चेचल्या असतील. पैज लावतो.

रंग मात्र नुसतं बघून धरायचं न्हाईत. बाहेरनं बसवलेल्या सेटला कुणी कशाला काय जोडलंय ते जोडणाऱ्यालाच ठाऊक. टेस्ट लॅम्प लावून खात्री करा.

पूररेषा | ९ जुलै, सकाळी ८:१५

सांगलीची गाडी आणि सेकंडहॅन्ड, म्हणून विचारतो. २०१९ च्या पुरात उभी होती का? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर धुऊनपुसून विकलेल्या गाड्या अजून फिरताहेत. पुराचं पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि दुखणं वर्ष-दोन वर्षांनी वर येतं. कार्पेट उचलून सीटच्या बोल्टांवर गंज आणि खाचेत गाळ आहे का बघा.

तासगावरोड | ९ जुलै, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

@पूररेषा, ती शंका मलाही होती. सीटखालचे बोल्ट स्वच्छ आहेत, सीटबेल्ट पूर्ण ओढून बघितला, गाळाची रेष नाही. मागचा मालक विट्याचा.

@वायरिंगवाला_मिरज, मागच्या ट्रेवर दोन स्पीकर आहेत खरे. वायरी बघितल्या. एका जागी चपट्या झाल्यात पण सोललेल्या नाहीत.

@ओहम्स, सेट काढला. पाठीवर दहाचा लाल फ्यूज आहे. धडधाकट. धूळ बसलीय त्यावर, म्हणजे बसवल्यापासून बदललेला नसावा.

ओहम्स | ९ जुलै, रात्री ९:५२

मग सेट निर्दोष आहे असं मी नव्वद टक्के म्हणते.

पिवळ्या वायरमधून सेटमध्ये जाणारा करंट आधी बॉक्समधल्या पंधराच्या फ्यूजमधून आणि मग पाठीवरच्या दहाच्या फ्यूजमधून जातो. एकाच रस्त्यावरचे दोन टोलनाके. दोष सेटच्या पोटात असता तर कमकुवत नाका आधी पडला असता. अगदी सरळ शॉर्ट झाला की दोघांत शर्यत लागते आणि एखाद्या वेळी मोठाही हरतो, हे मान्य. पण नऊच्या नऊ वेळा मोठाच हरतो आणि छोट्यावर धूळ बसते, हे पटत नाही. करंट दहाच्या फ्यूजपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या आधीच कुठेतरी पळवाट आहे.

स्पीकरची शंकाही याच कारणाने मागे पडते. स्पीकरची वायर पत्र्याला लागली तर करंट सेटमधूनच जाणार. जाता जाता सांगते, आजच्या सेटमध्ये स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ (गाडीची बॉडी) नव्हे. स्पीकरच्या दोन्ही टोकांवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात आणि आवाजाच्या वेळी ती एकमेकांविरुद्ध झुलतात. जुन्या सवयीने मायनस बॉडीला जोडलं तर आतली आयसी (आवाज वाढवणारी चिप) तरी जाते, नाहीतर सेट स्वतःहून बंद पडतो.

जळालेले फ्यूज ठेवलेत का? आतली पट्टी नुसती मधोमध वितळून तुटलीय की प्लास्टिकवर काळा-चंदेरी मुलामा चढलाय?

वायरिंगवाला_मिरज | ९ जुलै, रात्री १०:१०

मॅडमचं बरोबर हाय, पैज गेली. पण घासणारी वायर हे मी सोडत न्हाई.

कराडचा_कृष्णाकाठ | ९ जुलै, रात्री १०:२५

धागा हायजॅक करत नाही, पण माझंही जवळपास हेच. गेल्या महिन्यात बॅटरी उतरली, शेजाऱ्याच्या गाडीवरून वायरी लावून चालू करताना घाईत लाल-काळी उलटी लागली. ठिणगी उडाली, लगेच काढली. गाडी ठीक आहे पण तेव्हापासून सेटच्या पाठीवरचा फ्यूज घातल्या क्षणी जातो. सेट गेला का?

ओहम्स | ९ जुलै, रात्री १०:४१

@कराडचा_कृष्णाकाठ, तुमचं अगदी वेगळं आणि बहुधा स्वस्तातलं. सेटच्या आत प्लस आणि अर्थ यांच्यामध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा लावलेला असतो. बॅटरी सरळ असताना तो गप्प बसतो. उलटी लागली की सगळा करंट स्वतःवर घेऊन फ्यूज उडवतो आणि बाकी सेट वाचवतो. त्यात बऱ्याचदा तो स्वतः कायमचा शॉर्ट होऊन बसतो, म्हणून आता सरळ जोडणीतही फ्यूज जातोय. सेट गाडीपासून पूर्ण सोडवा, फ्यूज घाला आणि मल्टिमीटर बझरवर ठेवून पिवळी आणि काळी तपासा. टोकं बदलूनही दोन्हीकडून वाजला तर तोच. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही बदलून देईल, डायोड पाच-दहा रुपयांचा. पण आधी ही तपासणी करा, नुसत्या माझ्या सांगण्यावर सेट उघडू नका.

तासगावरोड | १० जुलै, सकाळी ७:२०

नऊपैकी सात सापडले, बेदाण्याच्या पाव किलोच्या पिशवीत ठेवले होते. सातही आतून काळे-चंदेरी. दोन तर धुरकट झाल्यासारखे, पट्टी दिसतच नाही.

ओहम्स | १० जुलै, सकाळी ७:३४

मग सरळ शॉर्टच. हळूहळू जास्तीचा भार पडला असता तर पट्टी मधोमध शांतपणे वितळलेली दिसली असती. पंधराच्या फ्यूजमधून सोळा-सतरा गेले म्हणून तो लगेच उडत नाही, तासन्‌तास तग धरतो. दुप्पट गेले तर पाचेक सेकंदांच्या आत जातो. असा मुलामा चढायला फार मोठा झटका लागतो, म्हणजे उघडं तांबं थेट पत्र्यावर.

आता कंटाळवाणं पण खात्रीचं काम. सेट गाडीबाहेरच ठेवा, त्याच्या प्लगच्या उघड्या टोकांना टेप गुंडाळा, नवा पंधराचा घाला आणि चार दिवस तसेच फिरा.

चारचाकी_चिंतन | १० जुलै, दुपारी १:०५

इतकं कशाला? सेटवर '५० वॅट × ४' लिहिलेलं असेल. २०० भागिले १२, सतरा अँपिअर झाले. पंधराचा जाणारच. वीसचा लावा आणि मोकळे व्हा.

ओहम्स | १० जुलै, दुपारी १:३०

@चारचाकी_चिंतन, त्या हिशेबाने त्याच्याच पाठीवरचा दहाचा फ्यूज पहिल्या गाण्याला जायला हवा होता. तो का जात नाही? कारण ते पन्नास वॅट खोक्यावर छापण्यापुरते असतात. असले सेट एका स्पीकरला सलग पंधरा-वीस वॅट देतात, तेही आवाज पूर्ण सोडल्यावर. आणि इथे आवाज आहे सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांचा.

तासगावरोड | १३ जुलै, रात्री ८:४५

गेला! दहावा.

सेट घरात कपाटावर आहे. गाडीत टेपच्या जागी नुसतं भोक. वडील तीन दिवस मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसताहेत. इंजिन चालू केलं की त्यात फक्त टर्रर्र ऐकू येतं, तरी बंद करत नाहीत. आणि आज संध्याकाळी सहज फ्यूज उपसून बघितला तर काळा.

म्हणजे ज्याला दीड महिना शिव्या घातल्या तो बिचारा गाडीत नव्हताच. साडेपाच हजार वाचले म्हणून आनंद मानू की आता कुठे शोधू म्हणून रडू, कळेना.

वायरिंगवाला_मिरज | १३ जुलै, रात्री ९:००

आता फ्यूजबॉक्सच्या झाकणावर बघा त्या फ्यूजसमोर काय छापलंय. नुसतं रेडिओ न्हाई आसणार. लई गाड्यांत रेडिओची पिवळी आन् आतला छताचा दिवा एकाच फ्यूजवर आसतात. फ्यूज जातोय तवा आतला दिवा बी जातोय का?

तासगावरोड | १३ जुलै, रात्री ९:१२

झाकणावर 'रेडिओ' आणि त्याच्यापुढे 'डोम' आहे. 'डोम' म्हणजे आवाजाचं काहीतरी असेल असं मला वाटत होतं, हसू नका.

दिव्याचं सांगायचं तर त्याचं बटण दोन वर्षं 'ऑफ'वरच आहे. गाडी घेतल्या-घेतल्या एकदा दार नीट न लागल्याने रात्रभर जळत राहिला, बॅटरी उतरली, तेव्हापासून बंदच करून टाकला. त्यामुळे फ्यूजबरोबर तो जातो की नाही हे कधी दिसलंच नाही.

पाटणचा_पाऊस | १३ जुलै, रात्री ९:१५

साक्षीदाराच्या डोळ्यावर तुम्हीच पट्टी बांधलीत की.

वायरिंगवाला_मिरज | १३ जुलै, रात्री ९:४०

मग ऐका. आता फ्यूज वाया घालवायचं बंद. इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब घ्या, होल्डरसकट. त्याच्या दोन वायरींना फ्यूजच्या पायांएवढ्या चपट्या पिना लावा आन् फ्यूजच्या जागी त्या खोचा. बास.

कसं चालतं बघा. शॉर्ट नसंल तर बल्ब लागत न्हाई, लागला तर मंद. शॉर्ट झाला की बल्ब भगभगीत पेटतो. पण २१ ला १२ नं भागा, पावणेदोन अँपिअर. त्याच्या वर करंट जाऊच शकत न्हाई, बल्बच अडवून धरतो. म्हणजे वायर जळायची भीती न्हाई आन् शॉर्ट किती बी वेळ धरून ठेवता येतो. एक माणूस बल्बकडं बघत बसवायचा, दुसऱ्यानं गाडीभर वायरी हलवत फिरायचं. हात लावल्यावर बल्ब पेटला की दुखणं हाताखाली. बल्ब तापतो, कार्पेटवर टाकू नका, भोक पडतंय.

पहिलं डॅशबोर्ड, मग दाराची रबरं, मग छत, मग डिकी. डिकी विसरू नका. दिवसातनं धा वेळा उघडझाप होती, वायर तितंच मरती.

ओहम्स | १३ जुलै, रात्री १०:०२

ही बल्बची युक्ती आमच्या प्रयोगशाळेत असायला हवी होती. वाचनखूण साठवली. एकच भर घालते, छताचा दिवा 'ऑफ'वरच ठेवून बघा. तो चालू असेल तर त्याच्यामुळे बल्ब मिणमिणेल आणि उगाच फसाल.

तासगावरोड | १६ जुलै, दुपारी ४:३०

सापडलं. सविस्तर लिहितो, कारण इथे बघता बघता तीन तास गेले आणि त्यातले अडीच माझ्या मूर्खपणाने.

सकाळी पाऊस उघडला तसे अंगणात बसलो. बल्ब-होल्डर पस्तीस रुपयांत आला. पिना खोचल्या, बल्ब लागला नाही. लेक सातवीत आहे, तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून बल्ब स्टीलच्या वाटीत ठेवला आणि सांगितलं, पेटला की ओरड. वडील ओसरीत खुर्ची टाकून देखरेखीला.

डॅशबोर्डच्या मागचा सगळा गुंता हलवला. काही नाही. चारही दारांची रबरी नळी पिळली. काही नाही. छताच्या दिव्याचं झाकण काढून वायरी ओढल्या. काही नाही. मागची सीट उलटी केली. लेक तोवर वाटीकडे बघत जांभया देतेय. साडेअकराला परत आभाळ भरून आलं. मी चहा घेत उभा, आणि वडील म्हणाले, "डिकी किती वेळ आ वासून ठेवणार? बॉक्स भिजतील, लाव ती."

डिकी खाली घेतली आणि आतून लेक किंचाळली, "लागला!"

सकाळपासून हत्यारं डिकीत ठेवून तीच उघडी टाकून मी बाकीची गाडी तपासत होतो. उघडी असली की दोष नाही, बंद केली की आहे. वर केली, "गेला." खाली केली, "लागला." शेवटचं वीतभर अंतर उरलं की नेमकं पेटायचं. दहा-बारा वेळा केलं, केवळ मजा म्हणून.

मग जवळून बघितलं. डिकीच्या दाराच्या आतल्या अंगाला एलईडीची पट्टी आहे, मागच्या मालकाने हौसेने लावलेली. ती कधी पेटली नाही, मी शोभेची समजून सोडून दिली होती. तिची वायर शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडी जाड, लाल-काळी जोडी. कंपनीच्या वायरी छतातून डिकीत रबरी नळीतून जातात. ही मात्र नळीच्या बाहेरून, बिजागरीच्या फटीतून, तशीच. त्या जागी लाल वायरीचं प्लास्टिक तांदळाच्या दाण्याएवढं खरवडून गेलेलं, आत तांब्याचे केस हिरवट. काळी तर पूर्ण तुटलेली, म्हणून दिवा लागत नव्हता. आणि बिजागरीच्या पत्र्यावर, रंग उडालेल्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढे काळे डाग. मी मोजले, आठ. एकावर तांब्याचा बारीक मणी चिकटलेला, नखाने निघेना. अकरा फ्यूजची हजेरी मांडून ठेवल्यासारखी. (हो, अकरा. शुक्रवारी बल्ब मिळाला नव्हता म्हणून आणखी एक घातला होता.)

पुढे छताचं अस्तर जरा सोडवलं तर त्या वायरीचं दुसरं टोक छताच्या दिव्याच्या प्लसला पिळून जोडलेलं, वर काळी टेप, तिचा डिंक वितळून चिकट झालेला. मधल्या हातभर वायरीचं प्लास्टिक लालचं तपकिरी होऊन कडक झालंय, वाकवलं की तुकडे पडतात. तीसचा फ्यूज घातला तेव्हाचा तो वास इथलाच. अस्तराला आतून डाग पडलाय. आणखी दोन दिवस तो हिरवा फ्यूज ठेवला असता तर काय झालं असतं याचा विचार करत नाही.

उभ्या गाडीत रात्री फ्यूज कसा गेला त्याचंही उत्तर मिळालं. बॉक्स उतरवून डिकी मीच आपटली होती.

वायरिंगवाला_मिरज | १६ जुलै, संध्या. ५:०५

डिकी म्हणलो होतो.

तासगावरोड | १६ जुलै, संध्या. ५:१०

@वायरिंगवाला_मिरज, काका, तुम्ही डिकी शेवटी सांगितली होती, मी ती क्रमाने शेवटीच बघत होतो! मिरजेला येतो तेव्हा भडंगाचं पार्सल तुमचं. आणि @ओहम्स ताई, तुमचंही.

ओहम्स | १६ जुलै, संध्या. ५:४५

भडंग आनंदाने. त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. ती करपलेली वायर पूर्ण काढून टाका, नुसती टेप गुंडाळून ठेवू नका. आणि जिथे ती पिळून जोडली होती तिथली कंपनीची मूळ वायरही वीतभर तपासा, तीही तापली असणार. कडक लागली तर तेवढा तुकडा बदला, जोड डाग देऊन आणि वर श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी). फ्यूजबॉक्समधली पिनही बघा. अकरा वेळा उपसाखुपशी झाल्यावर ती सैल होते, मग तिथेच तापायला लागते. नवा फ्यूज घालताना हाताला घट्टपणा जाणवला पाहिजे.

डिकीत दिवा हवाच असेल तर वायर त्या रबरी नळीतूनच न्या आणि जिथून प्लस घ्याल तिथेच दोन अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. पट्टीला एक अँपिअरसुद्धा लागत नाही. तो फ्यूज असता तर तुमचा टेप एकदाही बंद पडला नसता आणि हा धागाही निघाला नसता.

कराडचा_कृष्णाकाठ | १७ जुलै, सकाळी ९:२०

माझा डायोडच निघाला. दोन्हीकडून बझर वाजला. गल्लीतल्या रेडिओवाल्याने काढून दाखवला, मधोमध चिरलेला. डायोड आठ रुपये, मजुरी दीडशे. सेट चालू. धन्यवाद!

उसाचा_ट्रॅक्टर | १७ जुलै, रात्री ८:१०

मॅडम, फ्यूजहोल्डर टाकला. वीसचा चालंल का? चार कर्णं हाईत.

ओहम्स | १७ जुलै, रात्री ८:३२

@उसाचा_ट्रॅक्टर, कर्ण्यांवर नाही, वायरीच्या जाडीवर ठरतं. वायर किती स्क्वेअर एमएमची आहे? अडीचची असेल तर वीस चालेल. एकाची असेल तर आधी वायर बदला.

पूररेषा | ८ ऑगस्ट, सकाळी १०:००

@तासगावरोड, पुढे काय झालं? फ्यूज टिकला का? आणि त्या नवा सेट घ्या म्हणणाऱ्या दुकानदाराला सांगितलंत का?

तासगावरोड | ८ ऑगस्ट, रात्री ९:१५

तेवीस दिवस झाले, तोच फ्यूज. छताचा दिवाही आता चालू ठेवतो. टेप जागेवर बसवला तेव्हा वडिलांनी आधी १२५१ लावून बघितलं, मग मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपटायला लावला, कारण त्याने खरखर जास्त येते म्हणे. काढल्यावर खरंच कमी झाली.

दुकानदाराला सांगितलं. म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो, सेटचा काही दोष नाही."